मोरूदादांचं राजघराणं

मोरेश्वर चुरी हा माणूस आयुष्यात कधी विमानात बसला नाही. खाडीपलीकडे मुंबईला जायचं म्हटलं तरी त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. आणि तरीही युरोपातल्या एका राजवाड्यात कोण कोणाशी बोलत नाही, हे त्याला तिथल्या दरवानापेक्षा जास्त ठाऊक होतं. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. राजवाड्याचं नाव मी सांगत नाही. युरोपात राजघराणी काही कमी नाहीत, आणि मला कोणाच्या नोटिशीला उत्तरं देत बसायची हौस नाही.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर वसईत फ्लॅट घेऊन राहिलेली. एका मराठी दैनिकाच्या वेबसाइटवर नोकरी करत होते. मुंबईत भाडं परवडेना म्हणून मालकांनी व्हिडिओ विभाग उचलून वसईत आणला, खाली चष्म्याचं दुकान आणि वर आम्ही. तिथे मोरूदादा आमचे प्रमुख. वर्षानुवर्षं वृत्तपत्रात घासलेला माणूस, राहायला सांडोरला, स्वतःच्या केळीच्या वाडीत. रोज स्कूटरवरून यायचे, खिशातून सोनचाफ्याचं एक फूल काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवायचे आणि मला हाक मारायचे, "ए सातारकर, बघ बरं, आज राजवाड्यात काय शिजतंय!"

काय शिजणार? काहीच शिजत नसायचं. मोरूदादांना ताजी बातमी लागायचीच नाही. त्यांच्याकडे जुन्या चित्रफितींचा साठा होता. राजाची मिरवणूक, राजपुत्राचं लग्न, गच्चीत उभं राहून हात हलवणारं अख्खं कुटुंब. त्यातला एवढासा तुकडा कापायचा. मग तो संथ करायचा. मग थोरल्या सुनेच्या चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ, धाकटीकडे रोखलेला लाल बाण, आणि मागे ते एक ठरलेलं धडधड संगीत. त्या संगीतावर तुम्ही आमच्या कपाटाचा व्हिडिओ लावला असता ना, तरी बघणाऱ्याला वाटलं असतं की कपाटाचं नक्की काहीतरी बिनसलंय.

वर मथळा: ‘त्या एका नजरेत सगळं आलं?’

प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. मोरूदादा शपथेवर सांगायचे की त्यांनी कधीही खोटी बातमी दिली नाही. "आपण कुठे म्हटलं भांडण झालं? आपण विचारलं. विचारायला काय बंदी आहे का?"

एकदा थोरल्या सुनेने नवऱ्याचा हात झटकला, असा तुकडा त्यांनी काढला. मी आपली मूळ फीत शोधून पुढे बघितली. बाईंची शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरायला त्यांनी हात सोडवला होता, आणि पुढच्याच क्षणी परत हातात हात. मी धावत दादांकडे गेले. म्हटलं, "दादा, हे बघा, पुढे बघा!"

त्यांनी स्क्रीनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डब्यातली सुकेळी माझ्यापुढे केली. वसईच्या राजेळी केळ्यांची ही उन्हात वाळवलेली सुकेळी म्हणजे त्यांचं भांडण मिटवायचं औषध होतं. म्हणाले, "पुढचं कशाला बघायचं? पुढे बातमी संपते."

मी चिडून तीन सुकेळी खाल्ली. राग गेला नाही, पण सुकेळी छान होती.

त्यांची खरी गंमत वेगळीच होती. इंग्रजी त्यांना जेमतेम. राजघराण्याचे रिवाज, मानमरातब, काही म्हणजे काही माहीत नाही. पण सांडोरची भावकी तळहातासारखी पाठ. तर हे राजवाडा वाचायचे तो भावकीवरून. गच्चीत कोण मधे उभं, कोण कडेला, कोणाला हळदीला बोलावलं नसेल, कोणाचा मान चुकला असेल. "ही बघ, कडेला उभी आहे. म्हणजे बारशाला काहीतरी झालंय." मी विचारायची, "दादा, त्यांच्यात बारसं असतं का?" तर म्हणायचे, "पोरं असतात ना? मग बारसं असतंच. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं, दोन्ही सगळीकडे चालतं."

आणि लोक बघायचे हो! विरारपासून कोल्हापूरपर्यंत बायका त्या थोरल्या सुनेसाठी हळहळायच्या. एकदा दादांनी राणी काळ्या कोटात डोळे टिपते आहे, अशी फीत लावली आणि विचारलं, ‘राजवाड्यावर शोककळा?’ ती फीत एका म्हाताऱ्या सरदाराच्या अंत्यविधीची होती आणि तो सरदार जाऊन कित्येक वर्षं झाली होती. पण खाली प्रतिक्रियांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. माझ्याच सोसायटीतल्या महिला मंडळाने भिशीच्या आधी उभं राहून मौन पाळलं. मीही पाळलं. काय करणार? सगळ्याजणी डोळे मिटून उभ्या, मी एकटीने कुठे सांगत बसू की हा माणूस केव्हाच गेलाय म्हणून! दुसऱ्या दिवशी हे दादांना सांगितलं तर खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "बघ, कोणीतरी त्या बिचाऱ्याची आठवण काढली की नाही?"

अशा माणसावर रागावून किती दिवस राहणार?

त्यांच्या घरी मी दोन-चारदा गेले होते. एकाच अंगणात भिंतीला भिंत लागून दोन घरं, मधे एक सदा उघडं दार. एकात दादा, त्यांची बायको नीलमवहिनी आणि कॉलेजात जाणारी लेक तन्वी. दुसऱ्यात दादांच्या मोठ्या भावाची बायको कुसुमवहिनी. भाई, म्हणजे ते मोठे भाऊ, काही वर्षांपूर्वी वारले. दादांची आई ते शाळेत असतानाच गेली, तेव्हा त्यांना खाऊ-पिऊ घालून वाढवलं ते कुसुमवहिनींनी. दोघी जावा म्हणजे एक जीव. दोन घरं, पण चूल म्हणाल तर एकच. वर्षाचा मसाला दोघी मिळून करायच्या, मिरच्या निवडण्यापासून भाजण्या-कुटण्यापर्यंत, आणि त्या दिवसांत दादांच्या शर्टालासुद्धा मसाल्याचा वास यायचा. दोघी आपापसांत वाडवळी बोलायच्या. ती बोली मी इथे लिहायचा प्रयत्न करणार नाही. चुकीची लिहिली तर सांडोरला मला पुन्हा पाय ठेवू द्यायचे नाहीत.

दादांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला आणि तन्वीला अवदसा आठवली.

पोरीचा हेतू निर्मळ होता. तिने आईवडिलांच्या लग्नाची जुनी कॅसेट फोनवर उतरवून घेतली आणि बापाला बापाच्याच पद्धतीने शुभेच्छा द्यायच्या ठरवल्या. एक तुकडा कापला. वरात दारात आलीय. नवी नवरी नीलम, मुंडावळ्या बांधलेली, नजर खाली, कुसुमवहिनींच्या पायाशी वाकतेय. आणि नेमक्या त्याच क्षणी कुसुमवहिनी पाठ फिरवून तडक आत निघून जातात. तन्वीने ते संथ केलं, लाल वर्तुळ काढलं, बाण काढला, ते धडधड संगीत टाकलं, आणि मथळा दिला: ‘थोरल्या सुनेने नमस्कार नाकारला?’ खाली हसणारे चेहरे. आणि दिलं पाठवून घराच्या ग्रुपवर.

पहिले काही लोक हसले. "शेवटी लेक कोणाची!" वगैरे. मग हसणं थांबलं.

कारण हे असं झालं होतं हे नीलमवहिनींना माहीतच नव्हतं. नवरी मुलगी, खाली मान, रडून सुजलेले डोळे. वाकली, उठली, पुढे गेली. समोरचे पाय होते की नव्हते, तिला काय कळणार? पंचवीस वर्षं जिला आईच्या जागी मानलं, तिने पहिल्याच दिवशी आपल्याला पाठ दाखवली होती, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. संथ गतीत, संगीतासकट.

घराच्या ग्रुपवरून ते गावाच्या ग्रुपवर गेलं, तिथून आणखी चार ठिकाणी. मग लोकांना आठवू लागलं. "तेव्हाच मला वाटलं होतं." "कुसुमच्या मनात दुसरी मुलगी होती." "बारशाच्या फोटोतही बघा, हसतेय का ती?" अगदी दादांचे प्रेक्षक शोभावेत असे सगळे.

नीलमवहिनी एकदाच जाऊन विचारून आल्या, "वहिनी, असं का केलंत?"

कुसुमवहिनी म्हणाल्या, "आठवत नाही गं. इतकी वर्षं झाली."

त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना चांगलं आठवतंय. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं, मधलं दार लागलं. आणि मग नीलमवहिनींनी बाजारातून तयार मसाल्याचं पाकीट आणलं. तुम्हाला यात काही वाटणार नाही. दादांनी मला हे सांगितलं ते दोनदा. "पाकीट आणलं गं सातारकर. पाकीट!"

आता मोरूदादांना पुढचं बघायची गरज पडली. अख्खी फीत घेऊन ते ऑफिसात आले आणि आम्ही दोघं बसलो. पुढे काहीतरी असणारच, मी म्हटलं. शाल घसरली असेल, दूध उतू गेलं असेल. दादांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते बहुतेक.

पुढे जे दिसलं ते मागच्यापेक्षा वाईट. नव्या नवरीला ओवाळायला कुसुमवहिनी नाहीत, कोणीतरी आत्याबाई ओवाळतायत. माप ओलांडताना वहिनी पार मागे, भिंतीला टेकून. दुसऱ्या दिवशीच्या सत्यनारायणाला सगळ्या बायका पूजेजवळ, या लांब ओटीवर. कोणी प्रसाद द्यायला आलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवतायत. नीलम जवळ येते, या उठून जातात. असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दादांच्या अख्ख्या कारकिर्दीत असा भक्कम मालमसाला त्यांच्या हाती लागला नव्हता.

"सातारकर," ते हळूच म्हणाले, "हे मी राजवाड्यात बघितलं असतं तर आठवडाभर चालवलं असतं."

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी ताडकन म्हटलं, "दादा, इतकी वर्षं प्रश्नचिन्हं लावताय. कधी कोणाला जाऊन विचारलंत का? जा आणि नीट विचारा!"

माझ्या बोलण्याचा त्यांना राग येईल असं वाटलं होतं. ते उठले आणि खरंच गेले.

कुसुमवहिनी वाडीत होत्या, भाजीला पाणी लावत. दादा बांधावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, नीलमला सांगू नका. मला सांगा. तुम्ही मला भरवलेला पहिला घास मला आठवतो. तुम्ही उगाच पाठ फिरवणाऱ्यातल्या नाही."

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला नंतर कळलं.

लग्न लागल्यावर वरातीच्या आधी त्या एकट्याच घरी आल्या होत्या, उंबऱ्यावर माप भरून ठेवायला. तेवढ्यात त्यांच्या माहेराहून, केळव्याहून, चुलतभाऊ आला. सकाळी वडील गेले होते. वहिनींना तिथल्या तिथे सुतक लागलं. आणि गल्लीच्या तोंडाशी बँड वाजत होता.

"ओरडून रडले असते," त्या म्हणाल्या, "तर काय झालं असतं? नवी नवरी दारात, आणि मोठ्या सुनेचा बाप गेल्याची बातमी आत. लोक काय म्हणाले असते? पोरीचा पायगुण. आयुष्यभर म्हणाले असते. पोरीने काय केलं होतं?"

चुलतभावाला त्यांनी पाणी पाजून मागच्या दाराने परत पाठवलं. पाय मुरगळलाय म्हणून आत्याबाईंना ओवाळायला उभं केलं. सुतकात कोणाचा नमस्कार घेत नाहीत, आशीर्वाद देत नाहीत, म्हणून नीलम वाकली तशा त्या वळल्या. पूजा उरकेपर्यंत त्यांनी कशाला हात लावला नाही. मग वडील आज गेले असं घरी सांगून त्या आणि भाई केळव्याला गेले. तोवर वडिलांना नेऊन झालं होतं. भाईंना तिथे गेल्यावर खरं कळलं, त्यांनीही तोंड उघडलं नाही. पुढे भाई गेले आणि ही गोष्ट एकट्या वहिनींजवळ राहिली.

"आता कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. "आजसुद्धा लोक तेच म्हणतील. माझ्यावर रागावलीय ना नीलम? रागावू दे. माझ्यावरचा राग उतरेल. पायगुणाचा डाग उतरत नाही. तुला तुझ्या लेकीची शपथ आहे मोरू, बोलायचं नाही."

मोरूदादा ऑफिसात आले ते असे की मला वाटलं कोणीतरी गेलं. पेल्यातलं फुलाचं पाणी बदललं. मग फोन घेतला आणि घराच्या आणि गावाच्या दोन्ही ग्रुपवर लिहिलं: ‘तो व्हिडिओ खोटा आहे. वहिनी दुसऱ्याच वेळी वळल्या होत्या. दोन तुकडे मी जोडले आणि तन्वीला दिले. गंमत म्हणून केलं. चूक झाली. मोरेश्वर.’

लोकांनी क्षणाचाही विचार न करता विश्वास ठेवला. मोरू चुरी आणि खोटा तुकडा! ठेवणार नाही तर काय? आयुष्यभर मिळवलेली अपकीर्ती एका दुपारी कामाला आली. ग्रुपवर त्यांची जी धुलाई झाली ती मी वाचली. एकाने लिहिलं की ह्या माणसाने राजाराणीला सोडलं नाही, तो घरच्यांना काय सोडणार! दादा ते मला मोठ्याने वाचून दाखवत होते आणि चक्क खूश होते.

फक्त नीलमवहिनींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. "बायकोशी अशी गंमत करतात? आईसारख्या वहिनीशी?" त्या धावत जाऊन कुसुमवहिनींच्या गळ्यात पडून रडून आल्या, माफी मागून आल्या. मधलं दार उघडलं. आणि दादांचं ताट मात्र टेबलावर झाकून ठेवलेलं, वाढायला कोणी नाही. तन्वीला खरं माहीत होतं की बापाने तिला काही दिलेलं नाही. तिने तोंड उघडलं की दादा नुसते डोळे वटारायचे.

पंचविसाव्याच्या जेवणाला मी गेले होते. जेवण ठरलंय म्हणून झालं, एवढंच. अंगणात छोटा मांडव, जवळची माणसं. नीलमवहिनी सगळ्यांना आग्रह करून वाढत होत्या. दादांच्या पानापाशी आल्या की भांडं उचलून पुढे. दादा आपले लोणच्याकडे बघत बसलेले. कोणीतरी हसून म्हणालं, "मोरू, जेवणाचा व्हिडिओ कापून जोड, म्हणजे पानात वाढलेलं दिसेल!" सगळे हसले. दादाही हसले. मला तेव्हा उठून काहीतरी बोलावंसं वाटलं, पण व्हिडिओ खरा आहे एवढंच मला ठाऊक होतं, त्यामागचं कारण नाही.

तेव्हा कुसुमवहिनी उभ्या राहिल्या. हातातली वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर, एका दमात, सगळं सांगून टाकलं. केळव्याहून आलेला भाऊ, बँड, सुतक, पायगुण. शेवटी म्हणाल्या, "व्हिडिओ खरा आहे. मोरू खोटं बोलला, माझ्यासाठी. त्याला उपाशी ठेवू नका. त्याला मी भरवून वाढवलंय."

एका म्हाताऱ्या बाईंनी नेमकं तेच पुटपुटायला सुरुवात केली, "म्हणजे हिचं पाऊल पडलं आणि त्याच दिवशी…"

"काकी," नीलमवहिनी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "भात वाढू का अजून?" आणि असा वाढला की काकींचं तोंड भातानेच बंद झालं.

मग त्या कुसुमवहिनींपाशी गेल्या. म्हणाल्या, "माझ्या नावाला काही लागू नये म्हणून तुम्ही बापाचं तोंडसुद्धा बघितलं नाहीत? आणि मी तुम्हाला…" कुसुमवहिनींनी त्यांना जवळ ओढलं, आणि त्या पंचवीस वर्षांनी वडिलांसाठी रडल्या. हुंदके देऊन, पोटभर. नीलमवहिनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मीही रडले. सांगायला लाज कसली?

दादांना कोणी वाढलं ते आठवत नाही. पण त्यांनी पोटभर खाल्लं हे मी बघितलं.

त्यानंतर आमच्या ऑफिसात राजघराण्याची एक फीत आली. कुठलासा समारंभ. थोरली सून पायऱ्या चढता चढता अचानक मागे वळते आणि निघून जाते. मुंबईहून साहेबांचा फोन: लगेच करा, सगळ्यांच्या आधी. मोरूदादांनी ती फीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. पुन्हा बघितली. एकदा मला विचारलं, "हिच्या माहेरी सगळं ठीक आहे ना, कोणी चौकशी केलीय का गं?" मी म्हटलं, "नाही दादा, कोणी नाही."

त्यांनी वर्तुळ काढलं नाही, बाण काढला नाही, संगीत टाकलं नाही. फीत संथ न करता अख्खी लावली आणि वर मथळा दिला. ‘राजघराण्याच्या सूनबाई समारंभातून लवकर गेल्या. कारण आम्हाला माहीत नाही.’ प्रश्नचिन्हाशिवाय. आणि दिली सोडून.

ही त्यांची आमच्याकडची शेवटची बातमी ठरली. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते तसेच येतात: एका हातात फोन, दुसऱ्या हाताने डबा पिशवीत भरतायत, आणि साहेबांचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येतोय.

"चुरी, ही काय बातमी आहे?"

"साहेब," दादा अगदी शांतपणे म्हणाले, "एवढीच आहे."